सोळा हत्ती आणि एक लाल चिंधी

गुणमालाच्या डाव्या हाताबद्दल अख्ख्या गल्लीत आजवर कुणी चांगला शब्द काढला नव्हता. लहानपणी आईनं तो हात लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधून ठेवला. त्यामुळं जेवणं, वाढणं, लिहिणं, देवळात तांदूळ वाहणं सगळं हळूहळू उजव्या हातावर आलं. सुई मात्र आली नाही. उजव्या हातात सुई धरली की तिची बोटं लाकडासारखी व्हायची. लग्न होऊन ती माधवनगरात आली, आणि पहिल्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाईंनी, पद्माक्कांनी, तिला ब्लाउजला हूक लावताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई, डावरी गळ्यात मारली व्हय आमच्या!" त्या दिवसापासून गुणमाला शिवायची ती दार लोटून. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली.

यंदा हादगा बसला तेव्हा गल्लीतल्या बालवाडीच्या अक्षता टीचरनं एक टूम काढली. ही मुलगी रहिमतपूरची, लग्न होऊन इकडं आलेली, उत्साहाला खळ नाही. हादग्याचे दिवस सोळा आणि बालवाडीत मुलंही सोळा. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं कापडाचा एक छोटा हत्ती शिवायचा, आणि शेवटच्या दिवशी सोळा हत्तींचं तोरण हादग्यातल्या हत्तीच्या चित्रावर बांधायचं. हत्तीचे दोन सारखे तुकडे, कडेनं धावदोरा, आत चिंध्या, मागं लोकरीची शेपटी. मुलांना टोचू नये म्हणून प्लास्टिकच्या बोथट सुया. आयांना बोलावणंही गेलं. आता माघार नव्हती.

मदतीला शिवणकाम येणाऱ्या आज्या बोलावल्या. गुणमालाचे यजमान तवनाप्पा कापडाच्या लूमवर देखरेखीला जात, त्यांनी तिथून कटपीसचं गाठोडं आणून दिलं. गाठोड्यामागं गुणमालाही हौसेनं गेली. तिची पाच वर्षांची नात ब्राह्मी त्याच वर्गात होती, आणि नातीला पहिला टाका आपण शिकवावा एवढीच तिची इच्छा होती. पण पद्माक्का आधीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. भरतकामात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे त्यांना सगळ्यांत आधी ठाऊक होतं.

"टीचर, हिला शिकवायला बसवू नका," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "ही डावरी हाय. हिचं बघून सगळी पोरं डावरी हुतील. आमच्या घरात एक हाय तेवढी बास झाली."

ती 'एक' म्हणजे त्याच वर्गातली त्यांची स्वतःची नात स्वप्नाली. आठवण राहावी म्हणून पद्माक्कांनी तिच्या डाव्या मनगटाला लाल चिंधी बांधून ठेवली होती. चिंधी दिसली की या हातानं काही करायचं नाही. पोरगी तो हात फ्रॉकच्या खिशात घालून बसायची. तिच्याकडं पाहिलं की गुणमालाला कमरेला बांधलेला आपला हात आठवायचा.

गुणमाला कात्री घेऊन उठली. कोपऱ्यात बसून हत्ती कापायला लागली. कात्री तिला उजव्या हातानं यायची, कारण बाजारातली कात्री डाव्या हाताचे लाड करत नाही.

शिकवणीचं मात्र रोज भजं होऊ लागलं. अक्षता टीचर मुलांच्या समोर बसून उजव्या हातानं टाका दाखवायची. समोरची मुलं तिचं बघून सुई डाव्या हातात घ्यायची. पद्माक्का ओरडायच्या, "उजवा हात!" की मुलं हात बदलायची. मग टीचरची सुई एकीकडं चालली की यांची भलतीकडं. दोरा काठावरून फिरून पुन्हा वरनंच आत जायचा. कुणाचा हत्ती चड्डीला शिवला गेला. ब्राह्मीनं तर सुई फेकून दिली आणि उद्यापासून येणार नाही म्हणाली.

अकरा दिवस गेले तरी एकही हत्ती उभा राहिला नव्हता. टीचरचे डोळे भरून आले. पद्माक्कांनी तोड काढली, "रडतीस कशाला? आमी बायका बसून एका दुपारी सोळाच्या सोळा शिवतो. पोरांनी केलं म्हणून लावून टाक. कोण बघाय येतंय?"

"पण मुलांना तर कळेल ना, काकू," टीचर हळूच म्हणाली. तरी तिनं मान डोलावली. दुसरं काय करणार?

गुणमालाला ते लागलं. घरी येऊन तिनं नेहमीसारखं दार लोटलं आणि तवनाप्पांच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं. ब्राह्मी समोर येऊन मांडी घालून बसली. थोड्या वेळानं गुणमालानं मान वर केली तर पोरीच्या हातात बोथट सुई, मांडीवर हत्ती, आणि हत्तीच्या पाठीवर सहा टाके. एकामागं एक, मुंग्यांच्या रांगेसारखे.

आधी ती घाबरलीच. माझं बघून शिवली म्हणजे पोरगी डावरी झाली! आता पद्माक्का घर डोक्यावर घेणार. तिनं पुन्हा नीट पाहिलं. सुई ब्राह्मीच्या उजव्या हातात होती.

गुणमालानं आपला डावा हात वर केला. ब्राह्मीनं उजवा केला. तिनं डाव्या हातानं नाक खाजवलं, ब्राह्मीनं उजव्या हातानं खाजवलं आणि खुदकन हसली. कपाटाच्या आरशात दिसतं अगदी तसं! समोर बसलेल्या उजव्या पोराला डावरी बाईच बरोबर दिसते. आणि हे जन्मभर कुणाच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

"अगं, बटण लावलंस की न्हाई?" बाहेरून तवनाप्पांनी विचारलं.

"आज तसंच जावा," गुणमाला म्हणाली. चाळीस वर्षांत तिनं नवऱ्याला बिनबटणाचं पहिल्यांदाच धाडलं.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत बायका सुयादोरे घेऊन हत्ती शिवायला बसल्याच होत्या. आज जर फसलं तर गुणमालाला पुन्हा या दारात पाऊल टाकायला तोंड राहणार नव्हतं. ती सरळ टीचरपुढं गेली.

"टीचर, मला पाच मिनिटं पोरांच्या समोर बसू द्या."

"गुणा, काय हे?" पद्माक्का उठल्याच. "न्हाई म्हणून सांगितलं हुतं न्हवं?"

"पाच मिनिटं, अक्का. मग तुमी म्हणाल तसं."

ती सतरंजीवर बसली. "पोरांनो, मी आरसा हाय. मी करीन तसं करायचं." तिनं हात वर केला, मुलांनी वर केला. तिनं कान ओढला, मुलांनी ओढला. मग तिनं डाव्या हातात सुई घेतली, उघड्यावर, सगळ्या गल्लीच्या देखत. "आता सुई म्हणजे बेडूक. बेडूक बुडाला. बेडूक वर आला. काठावरनं उडी मारायची न्हाई, पाण्यातनंच जायचं."

"बुडाला! वर आला!" पोरं ओरडत शिवू लागली. वर्गात नुसतं डराँव डराँव. दोरे सरळ चालले. टीचर मुलांच्या मागं जाऊन वाकून पाहू लागली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"काकू, सोळाच्या सोळा सुया उजव्या हातात आहेत!"

"पर चालत्यात पंधराच," गुणमाला म्हणाली. तिचं लक्ष सोळाव्या सुईकडं होतं. स्वप्नालीनं सगळ्यांसारखीच सुई उजव्या हातात धरली होती, आणि ती दर टाक्याला खाली पडत होती. डावा हात खिशात.

"सपने, तू माझ्या समोर नगं बसू. हिकडं ये, माझ्या शेजारी. मी आनि तू एकीकडच्या."

"तिची सवय मोडायची हाय मला!" पद्माक्कांचा आवाज चढला.

गुणमालानं त्यांच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "आवं अक्का, माझी मोडली का? आईनं बांधून बघितलं, तुमी बोलून बघितलं. मोडली असती तर आज ही पंधरा पोरं अजून रडत बसली असती."

पद्माक्का पिशवी उचलून निघून गेल्या. स्वप्नालीनं खिशातला हात बाहेर काढला, आजी गेलेल्या दाराकडं एकदा पाहिलं, आणि सुई डाव्या हातात घेतली. मनगटाची लाल चिंधी टाक्याटाक्याला हलत होती.

शेवटच्या दिवशी बालवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तोरणात पंधरा हत्ती झुलत होते, कुणाची सोंड वाकडी, कुणाचं पोट फुगलेलं, पण टाका न् टाका पोरांचा. पद्माक्काही आल्या होत्या, खिरापतीचा डबा घेऊन मागं उभ्या. सोळावा हत्ती स्वप्नालीच्या हातात होता आणि त्याला शेपटी नव्हती.

"लोकर संपली का गं?" टीचरनं विचारलं.

स्वप्नालीनं नकाराची मान हलवली आणि मनगट पुढं केलं. "मला ही पाहिजे शेपटीला."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. पद्माक्कांचा चेहरा उतरला. मग त्यांनी डबा खाली ठेवला, गर्दीतून पुढं आल्या आणि नातीपुढं बसून गाठ सोडवू लागल्या. वर्षभर पाण्यात भिजून गाठ घट्ट बसली होती. नखं लागेनात.

"काप कात्रीनं," त्या पुटपुटल्या.

"कापू नगा, शेपटी आखूड हुईल," गुणमाला म्हणाली. तिनं आपली सुई डाव्या हातात घेतली, टोक गाठीत घातलं, आणि गाठ मोकळी झाली.

स्वप्नालीनं शेपटी लावली. डाव्या हातानं, चार टाक्यांत. टीचरनं तिला उचललं आणि तिनं आपला हत्ती तोरणाला बांधला. मुलांनी इतका कल्ला केला की खिरापत ओळखायची राहूनच गेली आणि डबा तसाच फस्त झाला. आया आपापल्या पोरांचे हत्ती एकमेकींना दाखवत होत्या. गुणमालाला वाटलं, आई आज असायला पाहिजे होती. तिच्यावर राग नव्हता, फक्त तिला हे दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुणमालानं तवनाप्पांचा शर्ट घेतला आणि दार उघडं टाकून कट्ट्यावर येऊन बसली. येणारे जाणारे बघत होते. बघू देत. बटण अर्धं लागलं असेल, शेजारचं दार वाजलं. पद्माक्का आल्या, समोर बसल्या, आणि काही वेळ उगीच पदर सारखा करत राहिल्या. मग त्यांनी सुई आणि दोरा पुढं केला.

"ओवून दे गं. मला दिसंना आता."

गुणमालानं सुई घेतली, डाव्या हातानं दोरा एका झटक्यात ओवला आणि परत दिला.