'संघ'पुढचा स्टार

महाप्याच्या ऑफिसात धनाजी सर पहिल्या दिवसापासून अश्विन जाधवला 'आपला माणूस' म्हणत. जात विचारण्याइतके सर अडाणी नव्हते. आडनाव ऐकून त्यांनी ती स्वतःच ठरवून टाकली होती. अश्विननेही कधी खोडून काढलं नाही.

धंदा भाड्याच्या घरांच्या ॲपचा. आज सर त्याच्या खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाले, "खारघरच्या फ्लॅटमालकांना बौद्ध भाडेकरू नकोत रे. आडनावावरून काय कळत नाय. तू पहिल्या नावावरून पकड."

अश्विनने कीबोर्ड पुढे ओढला. त्याने सर्चमध्ये 'संघ' टाइप केलं आणि पुढे स्टार लावला. स्टार लावला की पुढची अक्षरं कुठलीही असोत, नाव सापडतंच.

सापडली. संघमित्रा, संघरत्न, संघपाल. आणि त्यांच्याखाली संघप्रिया अश्विन जाधव, त्याची बायको. घरासाठी आमच्याच ॲपवर नाव टाक, असं त्यानेच तिला सांगितलं होतं.

"च्यायला, हिचा नवरापण अश्विन जाधव!" सर खदाखदा हसले. "तुझं नाव खराब करतायत लेका! उडव सगळी."

अश्विनही हसला आणि त्याने बटण दाबलं.

थोड्या वेळाने संघप्रियाचा फोन आला. "अरे, खारघरचा फ्लॅट मिळणार नाही असा मेसेज आलाय. तुझ्या सरांना सांगून बघ ना. तुला आपला माणूस म्हणतात ना ते?"