निरोग्यांची रांग

अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा होता आणि नम्रता सकाळपासून आकडे पुन्हापुन्हा तपासत होती. शहाण्णव साल. रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीतलं रसायनांच्या टाक्या धुण्याचं काम चौकशीपायी बंद होतं. ‘फरक नाही’ असं तिनं लिहिलं, की सोमवारी ते सुरू, आणि तिथला हात थरथरणारा कामगार प्रदीप पुन्हा टाकीत उतरणार.

रोह्याचे टाकीकामगार आणि तुलनेला पेणचे निरोगी मिठागरवाले, सगळ्यांच्या मेंदूचे फोटो मुंबईहून काढून आणले होते. मेंदू आक्रसला की आतल्या पोकळ्या रुंदावतात; त्या किती रुंदावल्या ते मोजलं, तर दोन्हीकडची सरासरी जवळजवळ सारखीच. सरासरी ही मोठी गोडबोली बाई, कुणालाच उघडं पाडत नाही. म्हणून नम्रतानं माणसागणिक एकेक ठिपका काढला. मिठागरवाल्यांचे दोन घोळके झाले, एक खाली, एक वर, रुंद पोकळ्यांचा. सगळ्यांत वर तिचे बाबा, कमळाकर. माणसं कमी पडली तेव्हा तिनंच त्यांना निरोग्यांत घातलं होतं.

"वरचे काढून टाक," अभ्यास चालवणारे हैबतराव डॉक्टर म्हणाले.

"नकोसे तेवढे काढायचे? ती लबाडी झाली, सर."

धंदा विचारला तेव्हा सगळ्यांनी मिठागरच सांगितलं होतं. खाडीकडचा माणूस बापजाद्यांचाच धंदा सांगणार. पण पावसाळ्यात मिठागर बंद असतं, हे मिठागरवाल्याच्या लेकीला सुचू नये? तिला स्वतःची चीड आली.

ती जीपनं गावात गेली. खालच्या, वरच्या, सगळ्यांना एकच प्रश्न: पावसात कुठं जाता? खालचे म्हणाले, भात लावायला. वरचे म्हणाले, धाटावला, टाक्या धुवायला. उरले बाबा. ते पावसात धरमतर बंदरात मालाच्या बार्जवर हमाली करतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी तेच सांगावं, तर्क गेला खड्ड्यात, असं तिला वाटलं.

"बाबा, तुम्ही बार्जवरच असता ना?"

ती थांबली. बाकीच्यांना तिनं असं विचारलं नव्हतं.

"पावसात कुठं जाता, बाबा?"

कमळाकरनं खाली बघितलं. "धाटावला. टाक्या धुवाला. तुझ्या आयशीनं जाऊ दिलं नसतं."

नम्रतानं कागदावर वरच्या सगळ्यांचे ठिपके रोह्याच्या रांगेत नेले, शेवटी बाबांचा. आता फरक लख्ख दिसत होता.

"मंग ती टाकी बंद राहील ना गो?"

"राहील."

"आनि माझं काय व्हईल?"

सगळ्या घोळक्याचं ती सांगू शकली असती. एकट्या बापाचं तिला सांगता येईना, आणि तिला रडू फुटलं.