फेसावर टोपण

आर्डेलने बाटली नळीखालून काढून तळघराच्या दिव्यापुढे धरली. आंबट चेरीची लालसर बिअर गळ्याच्या खालीच थांबली होती.

"हीपण कमीच," टोपणाच्या यंत्राशी उभा असलेला तिचा नवरा नॉर्बर्ट म्हणाला. "वर एवढी हवा ठेवलीस तर यंदाही साय धरणार बघ."

"तू मला शिकवतोस? तुला घोटभर आंबट बिअर गिळवत नाही."

"म्हणून तर नजर शाबूत आहे."

गेल्या वर्षी घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबच्या मेजावर तिच्या बाटल्या मांडल्या, तेव्हा सगळ्या बाटल्यांच्या गळ्याशी पांढरी, सुरकुतलेली साय होती. त्या सायीने बिअर बिघडत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पण "वय झालं गं आपलं" असं क्लबातली मार्लिस हसत म्हणाली आणि ते आर्डेलच्या जिव्हारी लागलं. तिने खापर बिअर आंबवणाऱ्या यीस्टवर फोडलं.

दोष यीस्टचा नव्हता. तिचा उजवा हात कापायचा, नळी आधीच निसटायची आणि बाटली अपुरी राहायची. डॉक्टरांनी त्या कापण्याला नाव दिलं होतं. ते तिने नॉर्बर्टला सांगितलं नव्हतं. त्याच्या आईचे हात असेच कापायला लागले, तेव्हा त्याने तिच्या विणकामाच्या सुया उचलून माळ्यावर टाकल्या होत्या, तेही मायेपोटीच. पुढे म्हातारी नुसती खिडकीशी बसून राहिली. आर्डेलला त्या खिडकीची धास्ती होती. यंदा साय धरली तर तळघराला कुलूप लागणार, हे ती धरूनच चालली होती.

"मार्लिसला विचारलं मी," नॉर्बर्ट म्हणाला. "ती म्हणते, बाटली हलवायची. फेस काठाला आला की हवा बाहेर पडते. त्या फेसावरच टोपण लावायचं. पण त्याला दोन माणसं लागतात."

"मार्लिसला? तू?"

"नाक काही कापलं गेलं नाही माझं."

पिंपातल्या बिअरमध्ये गॅस आधीच भरलेला होता. त्याने बाटली उचलून गदागदा हलवली आणि अर्धी बिअर त्याच्या बाहीत गेली. आर्डेलला हसू आवरेना.

"ताक घुसळतोयस का? आण इकडे."

तिने भरलेली दुसरी बाटली डाव्या हातात घेतली. उजवा हात सवयीने एप्रनच्या खिशात गेला.

"डाव्याने नको," तो टोपणं चाळत म्हणाला. "उजव्याने धर."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मान वर करीना. मग तिने उजवा हात खिशातून काढला आणि बाटली धरली.

हात आपल्या आपण थरथरत होता, बारीक, एकसारखा. बाटलीत बुडबुडे सुटले. फेस सावकाश वर चढला, गळा भरला, काठावर येऊन दाटला. एक थेंब वाया गेला नाही. शरमेने तिने हात मागे घ्यायला सुरुवात केली.

"राहू दे," नॉर्बर्टने बाटलीवर टोपण ठेवलं.

"कधीपासून कळलंय तुला?"

"आधी दाबू दे मला. हवा जाईल आत."

त्याने दांडा खाली ओढला. टोपण बसलं. बाही पिळत त्याने पुढची भरलेली बाटली तिच्या उजव्या हाताशी सरकवली.