चकाकीखालची रेघ

चहाचा कप अर्धा झाल्यावर अप्पांनी सहज विचारलं, "ते खडूची खूण केलेलं चाक कुठे ठेवलंस गं?"

ताईचा हात बशीवरच थांबला. "कोणती खूण?"

"पिवळ्या खडूचं वर्तुळ. पाचांतल्या एकाला केलं होतं मी. डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी." अप्पांनी बिस्कीट चहात बुडवलं. "नटाच्या भोकापासून एक रेघ निघाली होती. नखाएवढी. तू पाहिलंच असशील म्हणा."

तिनं पाहिलं नव्हतं. उघड्या दारातून तिची नजर अंगणात गेली. तिथे म्हातारी उभी होती. अप्पांनी तरुणपणी डोंगरातल्या सर्वेक्षणाच्या कामावर चालवलेली, पुढे तीस वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी. ताईच्या धाकट्या भावानं तिचं इंजिन उघडून पुन्हा बांधलं होतं आणि ताईनं तिची पाच अलॉय चाकं दोन महिने घासली होती. आधी जुना रंग आणि गंज काढला, मग एकाहून एक बारीक पॉलिशपेपरांनी घासणं, मग बफचं फिरतं कापडी चाक, मग वडीचं पॉलिश. आता त्या चाकांत अंगणातली पेरूची फांदी पानापानासकट दिसत होती. चार चाकं जमिनीवर, पाचवं स्टेपनी म्हणून मागच्या दारावर.

आज बारा वाजता पुलाजवळ जुन्या गाड्या जमणार होत्या आणि तिथून सगळ्या मिळून डोंगरावर जाणार होत्या. धाकटा चालवणार होता आणि शेजारी बसणार होते अप्पा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, असा वीस किलोमीटरचा रस्ता.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे चाकं आली तेव्हा एकावरही खूण नव्हती."

अप्पांनी कप खाली ठेवला. या घरात एक नियम ताईच्या जन्माआधीपासून होता. खडूचं वर्तुळ दिसलं की अप्पांना विचारल्याशिवाय त्या वस्तूला हात लावायचा नाही. त्यामुळे तोंडी सांगायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. खूण केली म्हणजे सांगितलं.

"कोणतं होतं ते आठवतंय?"

"जमिनीवर एकावर एक रचली होती. मधलं कुठलंतरी." त्यांनी डोळे चोळले. "सगळी सारखीच तर आहेत."

धाकटा बाहेरूनच ओरडत आला. "झाली का नवरदेवाची तयारी? अप्पा, स्वेटर घ्या, वर गारवा असतो." मग दोघांचे चेहरे बघून तो उंबऱ्यातच थांबला. "काय झालं? कोण गेलं?"

ताईनं सांगितलं. ऐकताना त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तो हसला. थोडं जास्तच मोठ्यानं.

"ताई, अप्पांना परवा चष्मा सापडत नव्हता आणि तो कपाळावर होता. दोन महिन्यांपूर्वीची रेघ आठवते त्यांना? मोतिबिंदू झालेल्या डोळ्यानं बघितलेली?"

"दुसरा डोळा चांगला होता माझा," अप्पा म्हणाले.

"मी तपासते," ताई उठली. "लाल डाय आहे माझ्याकडे. तासाभराचं काम."

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बारा वर्षं नोकरी करून मग ती अप्पांच्या शेडमध्ये आली होती आणि येताना एक सवय घेऊन आली होती. शंका आली की आधी घड्याळ बघायचं, मग हातमोजे चढवायचे. स्टेपनी आज रस्त्याला लागणार नव्हती, म्हणून जमिनीवरच्याच चारही चाकांच्या पात्यांवर, नटांच्या भोवती तिनं लाल डाय फवारली. वीस मिनिटं थांबली. पुसून काढली. वरून पांढरी पावडर मारली. धातूला कुठे चीर असेल, तर आत शिरलेला लाल रंग या पांढऱ्यावर हळूहळू वर येतो.

तिघंही वाकून बघत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पांढरं पांढरंच राहिलं.

"स्वच्छ!" धाकट्यानं टाळी वाजवली. "चला, बसा. दहा वाजून गेले."

ताई उकिडवीच बसून राहिली. निकाल चांगला आला होता, तरी तिनं हातमोजे काढले नाहीत. पॉलिश झालेल्या धातूवर ही परीक्षा तिनं आजवर कधी केली नव्हती. नेहमी आधी परीक्षा, मग पॉलिश. का? हे तिनं स्वतःच कितीदा इतरांना समजावलं होतं. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतो. बफचं चाक त्याला लोण्यासारखं लोटतं, आणि चिरेचं तोंड असेल तर त्यावरही एक पातळ साय ओढून ठेवतं. खाली चीर तशीच राहते, पण डायला आत जायला वाट उरत नाही.

म्हणजे परीक्षा खोटी नव्हती. ती फक्त चकाकीची झाली होती.

"ही पुन्हा करावी लागेल," ती म्हणाली. "वरची साय काढून. कॉस्टिक सोड्यानं."

"कॉस्टिकनं चाकं काळी पडतील."

"काळपट. हो."

"दोन महिने घासलीस तू ती! हात सोलून निघाले तुझे. आणि आता स्वतःच्याच हातानं त्यांना डांबर फासणार?" धाकट्यानं खिशातून किल्ली काढली. "हे बघ, तुला शंकेचा आजार आहे. लहानपणी दूध उकळलं की नाही म्हणून थर्मामीटर घालायचीस. अप्पा, बसा गाडीत."

अप्पा उठले नाहीत. ते ताईकडे बघत होते.

ताईनं भिंतीवरचा पाना घेतला आणि पुढच्या डाव्या चाकाचे नट एकेक पीळ ढिले केले. जॅक लावला, गाडी टेकवायला लोखंडी घोडी सरकवली, नट काढले आणि एप्रनच्या खिशात टाकले. मग दुसरं चाक. धाकटा किल्ली हातात धरून बघतच राहिला. चारही चाकं निघाली तेव्हा एप्रन एका बाजूला लोंबत होता आणि चालताना खिसा खुळखुळत होता.

"किल्ली तुझ्याकडे," ती म्हणाली, "वीस नट माझ्याकडे. आता आरडाओरडा कर, नाहीतर मला बादली आणून दे."

"धाकदपटशा आहे हा!"

"आहे."

त्यानं बादली आणली, पण अशी आपटली की पाणी सांडलं.

तिनं कॉस्टिक तोलून घेतला, गार पाण्यात थोडा थोडा सोडला, गॉगल लावला. पहिल्या चाकावर ब्रश टेकवण्याआधी तिचं प्रतिबिंब त्यात दिसलं. गॉगल लावलेलं, वाकडं, मोठ्या नाकाचं. मग ब्रश फिरला आणि बारीक बुडबुड्यांच्या फेसात ते गेलं. मिनिटाभरानं पाणी ओतलं तर खाली राखाडी, आजारी दिसणारा धातू होता. धाकट्यानं तोंड फिरवलं. ताईला तोंड फिरवून चालणार नव्हतं. तिनं दुसरं चाक पुढे ओढलं.

चारही चाकं कोरडी करून तिनं पुन्हा डाय मारली. पुन्हा वीस मिनिटं. धाकटा फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. त्याचा फोन दोनदा वाजला. "निघतोच आहोत," तो दोन्ही वेळा म्हणाला. अप्पा स्टुलावर बसून गुडघ्यावर बोट आपटत होते, अगदी सावकाश, मोजल्यासारखे.

पांढरी पावडर बसली. ताई एकेका भोकावर भिंग धरत गेली. पहिलं चाक, पाच भोकं. दुसरं. तिसरं. चौथ्याच्या शेवटच्या भोकाशी ती बराच वेळ थांबली.

काही नव्हतं.

साडेअकरा वाजले होते. चार चाकं जुन्या तव्यासारखी भिंतीला टेकून उभी होती आणि चारांतल्या एकाच्याही अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

धाकटा पुन्हा फाटकाकडे गेला.

मग अप्पा म्हणाले, "भास झाला असेल मला." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "डोळ्यात पडदा होता. रेघ पडद्यावरची असेल, मी चाकावर बघितली. पोरी, उगाच तुझी मेहनत मातीत घातली मी." त्यांनी स्टूल मागे सरकवलं. "यापुढे मी म्हटलं तरी ऐकत जाऊ नकोस."

ताईला वाटलं, कुणीतरी शेडमधला आधाराचा खांबच काढून घेतला. अप्पांच्या खुणेवर या घरानं चाळीस वर्षं विश्वास टाकला होता. तो आज, या अंगणात, एका वाक्यात ते स्वतःच उतरवून ठेवत होते. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे स्टेपनी अजून झगझगत होती.

"एक राहिलंय," ती म्हणाली.

"राहू दे गं ते तरी," अप्पा म्हणाले. "एक तरी चकाकू दे."

"भास नव्हता तो."

दोघांनी वळून पाहिलं. धाकटा फाटकाच्या कडीला धरून उभा होता. त्याची नजर जमिनीवर होती.

"पिवळं वर्तुळ होतं. अप्पा दवाखान्यात होते तेव्हा मी चाकं अंगणात आणून पाण्याचा पाइप मारला. म्हटलं, ताईला तेवढीच मदत. एकावर पिवळं काहीतरी होतं, मला वाटलं माती. घासून काढलं." त्यानं कडी सोडली. "सकाळी अप्पा खडू म्हणाले तेव्हा लक्षात आलं."

"सकाळी नऊ वाजता?" ताईचा आवाज चढला नाही, पण तिचा हात एप्रनच्या खिशावर घट्ट बसला. "अडीच तास तू मला वेड्यात काढत होतास? आणि अप्पांना त्या गाडीत बसवायला निघाला होतास?"

"पहिली डाय स्वच्छ आली ना! मला वाटलं, सुटलो. मग तू परत सुरू केलंस... आता सांगितलं तर जाणं रद्दच होईल, असं वाटलं. वर्षभर या एका दिवसासाठी..." त्यानं गाडीकडे हात केला. "पण त्यांनी स्वतःला असं म्हणावं, हे नाही ऐकवत मला."

धाकटा गाडीमागे गेला. स्टेपनीचे नट त्यानं स्वतः सोडले, चाक छातीशी धरून आणलं आणि ताईसमोर आडवं ठेवलं. मग ब्रश मागण्यासाठी हात पुढे केला.

"हातमोजे," ताई म्हणाली.

त्यानं घातले. फेस आला, धुतला गेला, खाली राखाडी धातू उरला. डाय. वीस मिनिटं. मोठ्या रस्त्यावरून भोंग्यांचा आवाज आला, एकामागून एक, जुन्या गाड्यांचे जाडेभरडे, खोकल्यासारखे भोंगे. तिघांनीही मान वर केली नाही. आवाज लांब गेला आणि डोंगराच्या बाजूला विरला.

पांढरी पावडर वाळली. आधी काहीच नव्हतं. मग तिसऱ्या भोकाच्या कडेला एक ठिपका उमटला, सुई टोचल्यावर येतो तसा. तो लांबला आणि वाकडी वाट काढत पात्याच्या मुळाशी गेला. रेघ नखाएवढी नव्हती. चांगली करंगळीएवढी होती.

"वरून दिसत होती नखाएवढी," अप्पा खाली वाकून म्हणाले. एवढंच. पण त्यांचं बोट आता गुडघ्यावर आपटत नव्हतं.

"तरी बरं, स्टेपनीच होती," धाकटा पुटपुटला.

"स्टेपनी कधी लावतात रे?" अप्पांनी विचारलं. "डोंगरात टायर फुटल्यावर. वरून खाली येताना. घाईत." त्यांनी बोटानं चाकावर टिचकी मारली. चाक खणखणीत वाजलं, धडधाकट चाकासारखं. "बघ. फुटका आवाजसुद्धा देत नाही."

धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ताईला त्याला खूप काही बोलायचं होतं, आणि ते ती बोलणारही होती, पण जेवल्यावर. आत्ता तिनं खिशात हात घातला आणि मूठभर नट त्याच्यापुढे धरले.

"चार चाकं चढव. समोरासमोरचे नट आवळ, ओळीनं नको. शेवटचा पीळ मी देणार."

"आता कुठे जायचं? सगळे गेले."

"स्टेपनीशिवाय डोंगर नाही," अप्पा म्हणाले, "पण नदीपर्यंतचा रस्ता सपाट आहे." ते आत गेले. परत आले तेव्हा एका हातात स्वेटर होता आणि दुसऱ्या हातात धातूवर खूण ठोकायचा लोखंडी पंच आणि हातोडी. त्यांनी पंच धाकट्याच्या हातात दिला.

"खडू पुसला जातो," ते म्हणाले. "तूच मार. रेघेच्या दोन्ही टोकांना, खोल."

धाकट्यानं पंच टेकवला. ताईनं चाक दाबून धरलं. पहिला घाव निसटला आणि राखाडी धातूवर एक पांढरा ओरखडा उठला.

"पुन्हा," अप्पा म्हणाले.