कोरडी म्हणून नोंदलेली विहीर

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. मोशीच्या पुढे, चाकणच्या वाटेला बोरमळा नावाची लहानशी वस्ती होती, तिची मी विहीर. सरकारी कागदात माझ्या नावापुढे 'कोरडी' असं लिहिलं आहे. आज ऐन वैशाखात माझ्यात पुरुषभर पाणी आहे, म्हणून तुम्हाला कदाचित हसू येईल. मला येत नाही.

मला अर्जुनरावांनी खोदलं. जमिनीची मोजणी त्याआधीच होऊन गेली होती, त्यामुळे दप्तरात माझं नाव नव्हतं. त्याची कोणाला फिकीरही नव्हती. पाणी लागलं तेव्हा अर्जुनरावांनी पहिला तांब्या बायकोच्या, तानाबाईच्या हातात दिला. पुढे माझ्यावर दोन मोटा चालल्या. उन्हाळ्यात शेजारच्या वस्त्यांतल्या बायकाही घागरी घेऊन यायच्या आणि माझ्या पाण्याची गोडी वाखाणायच्या. ते ऐकून मी चांगली फुगले होते, खोटं कशाला बोलू?

मग दुसरं महायुद्ध आलं. पलटण या बाजूने निघाली तर ती उतरेल कुठे, तिला पाणी कुठे मिळेल, गाड्या आणि बैल किती निघतील, याची गावोगाव पाहणी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात अर्जुनरावांच्या वडिलांची गाडी आणि बैलजोडी अशीच 'नोंद' करून नेली होती. ती परत आलीच नाही. तेव्हापासून इथे 'नोंद' हा शब्द अपशकुनी झाला होता. रडणाऱ्या पोरालासुद्धा 'गप, नोंदवाला येईल' असं सांगत.

अर्जुनराव तोवर वारले होते. पाहणीच्या दिवशी गडीमाणसं बैल घेऊन इंद्रायणीकाठच्या बाभळवनात गेली. गाड्या सुट्या करून चाकं गंजीत लपवली. बांबूंवर कडब्याच्या पेंढ्या बांधून तो तराफा माझ्या पाण्यावर सोडला आणि तोंडावर काटेरी फांद्या टाकल्या. पाहणीच्या साहेबाने फांदी बाजूला करून आत दगड टाकला. धप् असा आवाज आला.

"कोरडी हाय, साहेब," तानाबाई म्हणाली. "उन्हाळ्यात थेंब न्हाई."

"मग पाणी कुठून आणता?"

"नदीवरनं."

त्याने लिहून घेतलं आणि तो गेला. पलटण कधी आलीच नाही. कडबा कुजून माझं पाणी महिनाभर घाण मारत होतं, तरी लोक तेच नाक दाबून प्यायले आणि साहेबाला कसं बनवलं म्हणून पोट धरून हसले. मला मात्र तो 'कोरडी' शब्द लागला होता.

स्वातंत्र्य आलं. मग पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले आणि त्यांतल्या एकासाठी बोरमळ्याची जमीन ठरली. वस्तीला दूरच्या एका माळावर जागा मिळणार होती. जुन्या वस्तीत बारमाही विहीर असेल तरच तिथे विहीर खोदून देऊ, असं ठरलं. त्या माळावर पाणी नव्हतं. म्हणजे सगळं माझ्यावर येऊन पडलं.

अंमलदार आले ते भाद्रपदात. मी काठोकाठ भरलेली होते. ते म्हणाले, "आत्ता सगळ्याच विहिरींना पाणी आहे. उन्हाळ्यापर्यंत थांबता येणार नाही. तेव्हाही असतं, याला लेखी पुरावा काय?"

तेव्हा उद्धवराव मास्तर पुढे आले. ते लढाईनंतर मोशीच्या शाळेत बदलून आलेले. या भागाचा इतिहास लिहिण्याचा त्यांना ध्यास होता. पुण्याला जाऊन ते जुन्या लष्करी पाहण्या वाचत, कारण राजांच्या बखरीत न सापडणाऱ्या विहिरी, पाणंदी, आमराया त्यांत सापडतात. बोरमळ्याचं पान अजून त्यांच्या हाती लागलं नव्हतं.

"साहेब, या सगळ्या भागात वैशाखात लष्करी पाहणी झाली होती," ते आनंदाने म्हणाले. "तिचा इथला उतारा मागवा."

मागे उभी असलेली तानाबाई बाकीच्यांची तोंडं बघू लागली.

उतारा आला. अंमलदारांनी तो माझ्या काठावर उभं राहून वाचला. विहीर कोरडी. बैल नाहीत. गाड्या नाहीत. मास्तरांचा चेहरा उतरला. तानाबाई पुढे आली.

"साहेब, ते खोटं मी सांगितलं व्हतं. देवाशपथ सांगते, हिरीला बारा म्हैने पाणी आस्तंय."

"बाई, तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

बाकीचे खाली मान घालून उभे राहिले. सरकारला फसवल्याची नोंद कोणालाच आपल्या नावावर नको होती.

संध्याकाळी मास्तर तिला म्हणाले, "मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"इचारलं आसतं तरी मी सांगितलं नसतं, मास्तर. परक्या मान्साला आमी न्हाई सांगत."

वस्ती उठली. माझ्याभोवती तारेचं कुंपण आलं. या चैत्रात तानाबाई माळावरून घागर घेऊन इथवर चालत आली. कुंपणापाशी तिच्याच वस्तीतला भैरू पहारेकरी होता.

"काकू, आत सोडायचा हुकूम न्हाई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

"मंग ऱ्हाऊ दे, बाबा."

ती रिकामी घागर घेऊन नदीकडे वळली.

मित्रांनो, जुने कागद जपा. ते रद्दीत घालू नका. पण वाचताना एवढं विचारा, की हे सांगणाऱ्याला त्या दिवशी कशाची भीती होती? कागद ते सांगत नाही. म्हातारी माणसं सांगतात. त्यांच्याशी आधी ओळख करा, मग विचारा, आणि ती आहेत तोवर विचारा. मी कोरडी नव्हते, हे शपथेवर सांगायला तानाबाई एकटी पुढे आली होती. गेल्या आठवड्यात ती नदीच्या वाटेवर घागर घेऊन बसली, ती उठलीच नाही. मला बुजवायला मुरमाची गाडी आता काठाला लागली आहे.