पत्र्याच्या पाटीवरचे शब्द

हडपसरच्या एका काचेच्या इमारतीत चार लेखक मिळून मोबाइलवरचा एक मराठी गेम लिहीत होते आणि चौघांचं एका शब्दावर एकमत होत नव्हतं. पहिल्या लेव्हलला नायकाची 'लाइफ' जायची, दुसरीला 'प्राण', तिसरीला 'आयुष्य'. आणि चौथ्या लेखकाला शुद्ध मराठीचा पुळका, म्हणून त्याच्याकडे 'जीवनमात्रा' जायची. एका माणसानं मरावं तरी किती तऱ्हांनी, याला काही धरबंध? गेम तपासणारी मंडळी हसून बेजार झाली. शेवटी वरून हुकूम सुटला की शब्दांचं एक पुस्तक करा, यापुढे सगळ्यांनी त्यातलंच लिहायचं.

काम कल्याणी ओव्हाळकडे आलं. सबंध कंपनीत मराठी तपासणारी ती एकटीच. तिला शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही. ते बिबवेवाडीत, तिच्याच घराच्या मोरीच्या खिडकीला पावसाआड लावलेल्या पत्र्यावर होते.

तो पत्रा तिच्या वडिलांचा, भीमरावांचा. भीमराव टर्नर होते. बाजार खुला झाला, बाहेरचा माल आला आणि त्यांच्या कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. त्यात स्वेच्छा कारखान्याची होती आणि निवृत्ती यांची. मिळालेल्या पैशातून त्यांनी पंचाण्णव साली एका गाळ्यात सहा मशिनं टाकून व्हिडिओ गेम पार्लर उघडलं. वस्तीतली पोरं आणि सोसायट्यांमधली पोरं एकाच बाकावर बसायची नि एकमेकांच्या उरावरही बसायची, कारण प्रत्येक गल्लीचा शब्द वेगळा. एक म्हणे माझा चान्स आहे, दुसरा म्हणे तुझी लाइफ गेली, ऊठ. रोजची ती कटकट मिटवायला भीमरावांनी पत्र्यावर लाल रंगानं लिहून टाकलं, 'येथे असे म्हणायचे.' खेळायची एक संधी म्हणजे 'जीव'. लेव्हल म्हणजे 'मजला'. वर कमी होत जाणारी ताकदीची पट्टी म्हणजे 'दम'. मेलेला गडी पुन्हा आला की 'परत उभा'. आणि मजल्याच्या शेवटी येणारा दांडगा शत्रू म्हणजे 'थोरला'. त्या दिवसापासून भांडणं थांबली.

पार्लरही थांबलं, चार वर्षांनी. समोरच्या सोसायटीचे अध्यक्ष रंगराव इनामदार यांनी चाळीस सह्यांचा अर्ज दिला की मुलं बिघडतात आणि वस्तीतली पोरं सोसायटीच्या दारापर्यंत येतात. गाळ्याला टाळं लागलं, मशिनं भंगारात गेली, आणि भीमराव दुसऱ्यांच्या दारावर वॉचमन म्हणून उभे राहिले. पण पुढे कितीतरी वर्षं डेअरीच्या रांगेत बायका कुजबुजायच्या, 'पोरं बिघडवणारे ते हेच.' ते मात्र त्यांना लागलं होतं, खोल लागलं होतं.

कल्याणीनं पुस्तकात प्रत्येक शब्दापुढे संदर्भाचा रकाना ठेवला आणि त्यात प्रामाणिकपणे लिहिलं : भीमराव कोंडीराम ओव्हाळ, व्हिडिओ गेम पार्लर, बिबवेवाडी, १९९६.

"पुस्तकात म्हणजे छापील?" भीमरावांनी विचारलं.

"छापील, बाबा. पूर्ण नाव."

 दुसऱ्या दिवशी ते जाऊन चष्म्याचा नंबर बदलून आले.

कल्याणीचा वरिष्ठ सुदर्शन इनामदार. आडनाव ऐकून तिला शंका आली होती, पण पुण्यात इनामदार काय कमी आहेत, असं म्हणून तिनं ती झटकली होती. मूळ पाटी बघायची म्हणून तो एका रविवारी घरी आला.

"अहो काका, म्हटलं एकदा डोळ्यांखालून घालावी," तो हसत म्हणाला.

त्यानं एकेक शब्द वाचला, मान डोलावली, आणि 'थोरला'वर येऊन त्याची मान थांबली. त्या शब्दाखाली कुणीतरी टोकदार वस्तूनं कोरलं होतं, 'म्हणजे रंगराव'.

"खेळायला यायचात का कधी?" भीमरावांनी सहज विचारलं.

"छे हो. असल्या ठिकाणी जायची आमच्या घरी परवानगी नव्हती."

चहा अर्धा टाकून तो गेला. भीमराव कप उचलत म्हणाले, "डावीकडचं दुसरं मशीन याचं ठरलेलं. बापानं कान धरून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी हा सायकलच्या किल्लीनं ते कोरून गेला. मी खोडलं नाही. म्हटलं, तेवढंच मन मोकळं झालं लेकराचं."

"मग आत्ता बोलला का नाहीत?"

"घरी आलेल्या माणसाला कशाला लाजवायचं?"

माणसं अशी भली असतात, म्हणूनच दुसऱ्यांचं फावतं. त्याच आठवड्यात सुदर्शननं कल्याणीला बोलावून घेतलं.

"शब्द उत्तम आहेत, एकही बदलू नका. फक्त तो संदर्भाचा रकाना काढा. पार्लर-बिर्लर क्लायंटपुढे बरं दिसत नाही."

"पण सर, शब्द तिथलेच आहेत."

"अहो, शब्द काय कुणाच्या बापाचे असतात?"

माझ्या बापाचेच आहेत, हे उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. पण मंदीचे दिवस होते. आदल्या सोमवारीच अकरा जणांनी गळ्यातली ओळखपत्रं काढून टेबलावर ठेवली होती, आणि घर हिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? ती जागेवर आली. सगळा रकाना निवडला आणि कळ दाबली. नाव जायला क्षणही लागला नाही, याचाच तिला राग आला, आणि मग स्वतःचा.

पुस्तक छापून आलं. गुळगुळीत कागद, आत जीव, मजला, दम, परत उभा, थोरला, सगळे जिथल्या तिथे. मुखपृष्ठावर 'संकलन आणि प्रमाणीकरण : सुदर्शन रंगराव इनामदार'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

भीमराव नवा चष्मा लावून पुस्तक घेऊन बसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत.

"कितव्या पानावर आहे गं?"

छापायचं राहिलं म्हणावं, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. पण तोंडून खरंच निघालं. "नाहीये, बाबा. काढायला सांगितलं. मीच काढलं."

त्यांनी पुस्तक मिटलं, उठून ट्रंक उघडली आणि तळाचा एक पिवळा पडलेला कागद आणून तिच्या हातात दिला. रंगरावांच्या अर्जाची प्रत होती ती.

"यात बघ," ते शांतपणे म्हणाले. "दुसऱ्याच ओळीत. भीमराव कोंडीराम ओव्हाळ, पत्त्यासकट. चाळीस माणसांनी वाचून सह्या केल्या, कल्याणी. तेव्हा एकालाही माझं नाव काढावंसं वाटलं नाही."