हौसेरावांची तिसरी सकाळ

वाशीच्या बाजारात पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या हौसेरावांना संडासला जाताना नर्सचा हात धरायचा, हे काही केल्या पटेना.

फीटचा आजार त्यांना तीन वर्षं होता. गोळ्या बदलूनही फरक पडला नाही, म्हणून फीट मेंदूच्या नेमक्या कुठल्या जागेतून सुटते हे पकडायला त्यांना नेरूळच्या या वॉर्डात ठेवलं होतं. डोक्याला वायरी, गळ्यातल्या पिशवीत यंत्र, भिंतीवर कॅमेरा. गोळ्या मुद्दाम कमी केलेल्या. म्हणजे इथे फीट यायलाच हवी होती. पण आली की माणसाला इजा होता कामा नये. ते बघणं सिस्टर संघमित्राचं काम. दिघ्यात वाढलेली ही पोरगी नऊ वर्षं याच वॉर्डात होती आणि तिच्या हातून अजून एकही पेशंट पडला नव्हता.

पहिल्याच दिवशी तिनं हौसेरावांच्या बायकोच्या, सत्यभामाबाईंच्या पर्समध्ये चमचा पाहिला.

"फीट आली की दातात घालायचा," बाई म्हणाल्या.

"नाही काकू. दात तुटतो, श्वास अडकतो. तुम्ही हे लाल बटण दाबायचं आणि घड्याळ बघायचं. हात-पाय दाबून धरायचे नाहीत."

"आन् नुसतं बघत बसू व्हय?"

"कुठला हात आधी ताठरला, मान कुठं वळली, ते मला तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या सकाळी सत्यभामाबाई संघमित्राला सांगून चहा आणायला गेल्या, म्हणून तिची नजर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच होती. हौसेरावांनी कॉटचा कठडा खाली केलेला दिसताच ती उठली. आत आली तेव्हा ते उभे राहिले होते.

"बसा आधी, काका."

"दोन दिस आलं न्हाई, आता काय येतंय? मी काय ल्हान पोर हाय?"

"थप्पीवरची गोणी पाठीवर कोण देतं तुमच्या?"

"जोडीदार देतो."

"आणि तो नसला तर?"

"एकट्यानं कोन घेतंय? मान मोडंल."

"मग आज जोडीदार मी."

हौसेराव हसले नाहीत, पण कंबरेला आधाराचा पट्टा मात्र बांधू दिला. तो मागून धरून ती चालू लागली. चौथ्या पावलाला त्यांची मान उजवीकडे वळली, उजवा हात ताठरला. संघमित्रानं त्यांचा भार आपल्या मांडीवर घेतला, अलगद जमिनीवर उतरवलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली.

दारात सत्यभामाबाई उभ्या होत्या. चहा टेबलावर ठेवून त्यांनी पर्समध्ये हात घातला. तो रिकामाच बाहेर आला आणि त्यांनी बटण दाबलं.

"सात बावन्न," त्या मोठ्यानं म्हणाल्या. नजर घड्याळावरून हलली नाही.

अभय ब्रदर ऑक्सिजन घेऊन धावत आला. एक मिनिट चाळीस सेकंदांनी झटके थांबले. हौसेराव भांबावून हात झटकू लागले, तेव्हा संघमित्रानं ते धरले नाहीत. शेजारी बसून नाव विचारत राहिली. पाचव्यांदा विचारल्यावर त्यांनी ते सांगितलं.

दुपारी डॉक्टर मैत्री येऊन म्हणाल्या, "फीटची सुरुवात स्वच्छ मिळाली. मेंदूतली डावीकडची एकच जागा. अजून एक-दोन अशाच मिळाल्या, तर ऑपरेशनचा विचार करता येईल."

हौसेराव कोपर, गुडघे चाचपत होते. मागच्या वेळी हनुवटीला चार टाके पडले होते.

"कुठं लागलं?"

"कुठंच नाही," संघमित्रा म्हणाली.

त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. मग बायकोला म्हणाले, "आपल्या टोळीतल्या पोरांनाबी सांगाया पायजे हे. फीट आली की ती चारचार जणं वर बसत्यात माझ्या."

सत्यभामाबाईंनी फोन पुढे केला. "सिस्टर, तुमीच सांगा, मी शूटिंग घेते."

"मी कशाला? तुम्ही करून दाखवलंत."

संघमित्रानं फोन हातात घेतला. बाईंनी पदर नीट केला, घसा खाकरला आणि टोळीतल्या पोरांना दम भरावा तशा सुरू झाल्या, "ऐका रं. पयलं म्हंजे, कुनीबी अंगावर बसायचं न्हाई."